जुन्या संगणकाचा नकार

यंत्रे जुनी होतात, ही गोष्ट माणसाला नवी नाही. रहाटाचा आस झिजतो, घड्याळाची कमान ढिली पडते, शिवणयंत्राचा पट्टा तुटतो. आणि यंत्र थांबले म्हणजे त्याच्या थांबण्याचे कारण बहुधा त्याच्या अंगावरच कोठेतरी दिसते. संगणकाचे तसे नाही. दहा-पंधरा वर्षांचा एखादा संगणक काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालत असतो. त्याचा एकही भाग डोळ्यांना झिजलेला दिसत नाही. पण त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे जिच्या आधारावर संगणकाचे इतर सर्व व्यवहार चालतात ती मूळ कार्यप्रणाली, बसवावयास जावे, तर तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक त्रोटक ओळ लिहितो आणि स्तब्ध होतो. ना आवाज, ना धूर. नुसता नकार.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. दुकानदार सांगतो, ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या.’ ओळखीचा एखादा हुशार विद्यार्थी सांगतो, ‘अमुक कळ दाबून पाहा.’ पहिला सल्ला महाग पडतो. दुसरा कधी लागू पडतो, कधी पडत नाही. यंत्र नकार का देत आहे, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. आज मला हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, इतिहासात आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न आता थोड्या हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. काही अटींवर काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली खरी. पण एरवी धडधाकट असलेली असंख्य यंत्रे त्या दिवसापासून कागदोपत्री वृद्ध ठरली. शाळेच्या प्रयोगशाळेतील, सार्वजनिक ग्रंथालयातील, लहान छापखान्यातील अशा यंत्रांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांचा झाला आहे.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आगगाडी येण्यापूर्वी आपल्याकडे टपाल हरकाऱ्यांच्या हाती जात असे. एक हरकारा आपल्या चौकीपासून पुढच्या चौकीपर्यंत धावे, तेथे थैली दुसऱ्याच्या हाती देई आणि त्याचे काम संपे. पुढच्या गावाची वाट त्याला ठाऊक असण्याचे कारण नसे. संगणकाची सुरुवात अगदी याच रीतीने होते. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावरची पहिली आज्ञा वाचतो. ती आज्ञा मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची कोरून ठेवलेल्या लहानशा आज्ञावलीची असते. तिला बायॉस म्हणतात. हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७० नंतरच्या दशकात आपल्या सीपी-एम या कार्यप्रणालीसाठी योजिला, आणि आयबीएम कंपनीच्या १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या पर्सनल कॉम्प्युटरमुळे तो जगभर रूढ झाला. बायॉस आपल्या अंगाची तपासणी करते आणि डिस्कवरील अगदी पहिला, ५१२ बाइटांचा खंड वाचते. या खंडाच्या शेवटी दोन ठरावीक बाइटांची मोहोर असली, तर त्या खंडातील आज्ञांच्या हाती थैली सोपविली जाते. त्या आज्ञा मोठ्या लोडरला हाक मारतात, लोडर कार्यप्रणालीच्या गाभ्याला उचलून स्मृतीत ठेवतो, आणि मग तो गाभा सर्व सूत्रे आपल्या हाती घेतो.

या साऱ्या चौक्या एकाच वेळी बांधल्या गेल्या नाहीत. डिस्कचे विभाग नोंदविण्याची पद्धत १९८३ मध्ये आली, सीडीवरून सुरुवात करण्याची १९९५ मध्ये, बायॉसची जागा घेणाऱ्या यूईएफआयसाठी निरनिराळ्या कंपन्यांची संस्था २००५ मध्ये स्थापन झाली. प्रत्येक चौकी बांधणाऱ्याने आपल्या काळापुरता अंदाज केला आणि शेजारच्या चौकीशी एक करार केला. जुन्या यंत्रावर नवी कार्यप्रणाली बसत नाही तेव्हा या करारांपैकी एखादा मोडलेला असतो. तेव्हा पहिला नियम असा की, थैली कोणत्या चौकीपर्यंत पोहोचली हे आधी शोधावे.

लिनक्सच्या जुन्या काळातील लिलो नावाच्या लोडरने या नियमाचा सुंदर वस्तुपाठ घालून दिला होता. तो आपले चार अक्षरी नाव एका दमात लिहीत नसे. एक टप्पा पार पडला की एक अक्षर, अशा रीतीने ते नाव पडद्यावर उमटे. पहिला ‘एल’ उमटला म्हणजे लोडरचा प्रारंभीचा भाग जागा झाला. ‘एल-आय’ वर गाडी थांबली, तर दुसरा भाग वाचला गेला पण चालू झाला नाही. तीन अक्षरांवर थांबली, तर दुसरा भाग चालू झाला पण गाभा कोठे ठेवला आहे याची यादी त्याला वाचता आली नाही. अर्धवट नाव पाहून नवखा मनुष्य घाबरे; जाणत्याला त्या अर्ध्या नावातच रोगाचे स्थान कळे. आजच्या यंत्रावर अक्षरे वेगळी दिसतील, पण रीत तीच आहे. पडद्यावर शेवटी काय दिसले ते शब्दशः कागदावर उतरवून घ्यावे. निम्मे निदान तेथेच होते.

नकाराच्या इतिहासात शिरण्यापूर्वी देहाची चौकशी मात्र करून घ्यावी, कारण कधी कधी दोष खरोखरच वार्धक्याचा असतो. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या यंत्रापासून संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. आजच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी जी चपटी बॅटरी दिसते, ती याच व्यवस्थेची वारस आहे. ती संपली की यंत्र बंद होताच तारीख विसरते आणि कित्येक वर्षे मागे जाते. आता नवी कार्यप्रणाली बसविताना आंतरजालावरून ज्या फाइली घेतल्या जातात, त्यांच्या अस्सलपणाची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. यंत्राच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अद्याप अमलातच आलेले नसते, म्हणून ते नाकारले जाते; आणि पडद्यावर येते ती सुरक्षेची तक्रार. थोड्या रुपयांची बॅटरी बदलली की ही भयंकर भासणारी तक्रार नाहीशी होते. तसेच स्मृतीच्या पट्ट्यांचे. बसविण्याच्या कामात दर वेळी निराळ्याच फाइलीवर चूक दाखविली जात असेल, तर फाइलीला दोष न देता मेमटेस्टसारख्या आज्ञावलीने स्मृती रात्रभर तपासून घ्यावी. आणि चूक दर वेळी त्याच एका फाइलीवर येत असेल, तर आपण उतरवून घेतलेली प्रत मूळ प्रतीशी जुळते की नाही हे पडताळावे. बहुतेक कार्यप्रणालींचे कर्ते त्यासाठी प्रतीची एक लांबलचक सांकेतिक संख्या प्रसिद्ध करतात.

देह निरोगी ठरला म्हणजे मग खरा इतिहास सुरू होतो. माझ्या समजुतीप्रमाणे जुन्या संगणकाचा नकार तीन प्रकारचा असतो. ‘हे माझ्या मापात बसत नाही’ हा पहिला. ‘मी याला ओळखत नाही’ हा दुसरा. आणि ‘याला परवानगी नाही’ हा तिसरा. पडद्यावर तिन्ही सारखेच कठोर दिसतात, पण तिघांचे उपाय निरनिराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला केल्यास केवळ कालहरण होते.

मापाच्या नकाराची कथा सर्वांत बोधप्रद आहे. बायॉसमध्ये डिस्कवरील जागेचा पत्ता लिहिण्यासाठी तीन रकाने होते: कोणता सिलिंडर, कोणते हेड आणि कोणता सेक्टर. पहिल्या रकान्यात १,०२४ पर्यंत, दुसऱ्यात २५६ पर्यंत आणि तिसऱ्यात ६३ पर्यंत मोजता येई. पुढे १९८६ च्या सुमारास डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या जोडणीचा जो निराळा नमुना रूढ झाला, त्यातही हेच तीन रकाने होते, पण त्यांची रुंदी वेगळी होती. तेथे सिलिंडर ६५,५३६, हेड मात्र केवळ १६, आणि सेक्टर २५५. दोन खात्यांनी आपापले छापील नमुने एकमेकांस न विचारता तयार करावेत, तसा हा प्रकार होता. एकाच्या नमुन्यात गावाचा रकाना ऐसपैस आणि गट क्रमांकाचा चिंचोळा. दुसऱ्याच्या नमुन्यात नेमके उलट. जी नोंद दोन्ही नमुन्यांत बसावयाची, तिला प्रत्येक रकान्यातील अरुंद माप स्वीकारावे लागते. १,०२४ सिलिंडर, १६ हेडे, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट, यांचा गुणाकार ५२,८४,८२,३०४ होतो. बायॉसला एकटीला सुमारे ८४५ कोटी बाइटांचा हिशेब ठेवता आला असता, डिस्कच्या नमुन्याला तर १३ हजार कोटींहून अधिक. पण दोघांची गाठ पडताच मर्यादा अवघ्या ५३ कोटींवर आली. १९९० नंतरच्या दशकात डिस्का जेव्हा या मापाबाहेर वाढू लागल्या, तेव्हा नव्या डिस्कचा मोठा भाग यंत्राला दिसेनासा झाला.

त्यावर तोडगा निघाला तो पत्त्याचे भाषांतर करण्याचा: बायॉसने आपल्या रकान्यांत एक पत्ता घ्यावयाचा आणि डिस्कला तिच्या रकान्यांत दुसरा सांगावयाचा. त्याने मर्यादा सुमारे ८.४ अब्ज बाइटांवर गेली. पुढे रकानेच काढून टाकून सेक्टरांना सरळ क्रमांक देण्यात आले. त्या क्रमांकाला २८ बिटांची जागा ठेवल्याने मर्यादा १३७ अब्ज बाइटांची झाली. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या मूळ सीडीला यापलीकडची डिस्क धड दिसत नाही. सप्टेंबर २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती उणीव भरून काढली. आणि १९८३ मध्ये डिस्कच्या पहिल्याच खंडात विभागांची जी ६४ बाइटांची यादी ठेवण्यात आली, तिच्यामुळे सुमारे २,२०० अब्ज बाइटांची सीमा पडली. ती आजही जुन्या पद्धतीने बसविलेल्या यंत्रांत आडवी येते. माणसाने प्रत्येक वेळी ‘आता हे पुष्कळ झाले’ असे म्हणून कुंपण घातले आणि पाच-सात वर्षांत ते कुंपण त्याच्याच पायांत आले, असा हा क्रम आहे.

या इतिहासाचा व्यवहारात उपयोग असा. जुन्या यंत्रात मोठी डिस्क घातली आणि ते सुरू होतानाच थिजले, तर डिस्क खराब आहे असे लगेच समजू नये. कित्येक डिस्कांवर मुद्दाम एक लहानशी जम्परची पिन ठेवलेली असे. ती योग्य जागी लावली की डिस्क स्वतःचे माप लहान सांगे आणि बायॉस न अडखळता पुढे जाई. दुसरी तऱ्हा याहून फसवी आहे. कार्यप्रणाली व्यवस्थित बसते, महिनाभर चालतेही, आणि एखाद्या सुधारणेनंतर अचानक सुरू होईनाशी होते. याचे कारण, गाभ्याची नवी फाइल डिस्कवर अशा ठिकाणी जाऊन पडते की जेथे बायॉसचा हात पोहोचत नाही. म्हणून जाणती माणसे डिस्कच्या अगदी आरंभी एक छोटा विभाग राखून ठेवीत आणि गाभा त्यातच ठेवीत.

दुसरा नकार ओळखीचा. त्याचे एक विलक्षण लक्षण आहे. विंडोज एक्सपीची सीडी घालावी, तिच्यावरील फाइली एकामागून एक स्मृतीत चढाव्यात, आणि मग यंत्राने सांगावे की, मला एकही हार्ड डिस्क सापडत नाही. वास्तविक बायॉसच्या पडद्यावर तीच डिस्क नावानिशी झळकत असते. लिनक्सच्या बाबतीतही असेच घडते: पेन ड्राइव्हवरून गाभा चढतो, आणि चढल्यावर ज्या पेन ड्राइव्हवरून आपण आलो तोच दिसत नाही अशी तक्रार करतो. ज्या दाराने मनुष्य आत आला ते दार आत येताच भिंतीत विरून जावे, तशी ही गोष्ट आहे. मर्म हरकाऱ्यांच्या दाखल्यात आहे. आरंभीच्या चौक्या डिस्क वाचावयाची ती बायॉसच्या मध्यस्थीने वाचतात. गाभा जागा झाला की तो मध्यस्थाला रजा देतो आणि डिस्कशी स्वतः बोलू लागतो. त्यासाठी त्या डिस्कच्या नियंत्रकाची भाषा जाणणारा दुभाषा, म्हणजेच ड्रायव्हर, त्याच्याजवळ असावा लागतो. एक्सपी तयार झाली तेव्हा साटा जोडणीतील एएचसीआय ही पद्धत अस्तित्वातच आली नव्हती. तिचा दुभाषा तिच्याजवळ असणार कोठून?

कर्त्यांनी यासाठी एक खिडकी ठेवली होती. आरंभी एफ-सहा ही कळ दाबली तर बाहेरून ड्रायव्हर देता येई. पण तो द्यावयाचा फ्लॉपीवरून, आणि ज्या यंत्रांना त्याची गरज पडू लागली त्यांच्यातून फ्लॉपीचे खणच हद्दपार होत होते. कुलूप नवे आणि किल्ली ठेवण्याचा कोनाडा पाडलेला, अशी ती अवस्था होती. उपाय दोन: बायॉसच्या मांडणीत जाऊन डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी जुन्या आयडीईवर ठेवावी, किंवा हवा तो ड्रायव्हर आधीच मिसळून नवी सीडी तयार करावी. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. कार्यप्रणाली बसल्यानंतर ही मांडणी बदलली, तर एक्सपी निळ्या पडद्यावर शेवटी ७ब असलेला आकडा दाखवून थांबते. तिच्या लेखी घराचे दारच नाहीसे झालेले असते. मांडणी पूर्ववत करताच ती पुन्हा चालू लागते. केवळ हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ निरोगी डिस्का पुसल्या गेल्या आहेत.

काळा पडदा हाही बहुधा ओळखीचाच प्रश्न असतो. २००९ पासून लिनक्सचा गाभा पडद्याचे नियंत्रण हळूहळू स्वतःकडे घेऊ लागला. चित्रपत्रिका जुनी किंवा अनोळखी असली, तर बसविण्याचे काम आत चालू असते आणि पडदा मात्र अंधारलेला राहतो. आरंभीच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द लिहिला की गाभा तो आग्रह सोडतो आणि पडदा उजळतो. सुरुवातीच्या ओळखीचाही एक घोटाळा आहे. २००६ च्या सुमाराची काही ॲपलची यंत्रे आणि २०१३ नंतरच्या काही स्वस्त टॅबलेटांत प्रोसेसर ६४ बिटांचा, पण त्याला जागे करणारी यूईएफआय ३२ बिटांची आहे. अशा यंत्राला ६४ बिटांचा लोडर दिला तर ते त्याची दखलच घेत नाही. ३२ बिटांचा लोडर आणि ६४ बिटांचा गाभा अशी जोडी दिली की ते मुकाट्याने चालू लागते. डेबियन लिनक्सने २०१५ पासून ही सोय करून ठेवली आहे.

आता तिसरा नकार, परवानगीचा. येथे यंत्राची शक्ती आणि त्याची पात्रता या दोन गोष्टींची फारकत होते. याचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण इंटेलच्या २००३ च्या पेन्टियम-एम या प्रोसेसरचे आहे. मोठ्या स्मृतीचे पत्ते हाताळण्याची पीएई नावाची एक शक्ती असते. पेन्टियम-एमच्या आरंभीच्या चिपांत ती शक्ती होती. पण आपल्याजवळ काय काय आहे याची जी यादी प्रोसेसर विचारल्यावर सांगतो, तिच्यात तिचा उल्लेख नव्हता. पुढे २०१२ च्या सुमारास काही लिनक्स वितरणांनी पीएईची अट घातली, तेव्हा हे लॅपटॉप दारातूनच परत पाठविले जाऊ लागले. अंगी योग्यता आहे, पण दाखला नाही म्हणून अर्ज फेटाळला, अशी ही सर्व कचेऱ्यांना परिचित असलेली कथा आहे. २०१४ मध्ये गाभ्यातच ‘फोर्सपीएई’ या शब्दाची तरतूद झाली. तो शब्द लिहिला की गाभा यंत्राच्या अंगच्या शक्तीवर विश्वास ठेवून त्याला आत घेतो.

विंडोज ११ चा नकार याच जातीचा, पण अधिक गुंतागुंतीचा आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ती बाहेर पडली तेव्हा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मान्य प्रोसेसरांच्या यादीत नाव, अशा अटी होत्या. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडता, २०१७ पासूनच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. पण जुन्या यंत्रात टीपीएमची आधीची आवृत्ती असल्यास एक नोंद बदलून, स्वतःच्या जबाबदारीवर, पुढे जाण्याचा मार्ग खुद्द कंपनीनेच त्या वर्षी सांगितला होता. यावरून उघड होते की, यंत्राला ते काम अशक्य नव्हते. ते धोरणाला मान्य नव्हते. त्या धोरणामागे सुरक्षेचा विचार आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शिवाय त्याच यादीत खरी असमर्थताही मिसळलेली आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही एक आज्ञा हटकून लागते. इंटेलच्या २००८ पूर्वीच्या प्रोसेसरांत ती नाही, आणि तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. धोरणाने नाकारलेले यंत्र आणि निसर्गतः असमर्थ यंत्र एकाच वाक्याने परत पाठविले जाते, ही खरी अडचण आहे.

परवानगी नेहमी व्यापारासाठीच नाकारली जाते असे मात्र समजू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला तो स्वतःच्या ३८६ प्रोसेसराच्या संगणकावर, त्या प्रोसेसराचा अभ्यास करण्याच्या ओढीने. त्याच गाभ्यातून डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला. जन्माचे घर पाडावे तसे हे झाले. पण त्या जुन्या प्रोसेसरासाठी दर सुधारणेत वेगळी तजवीज करावी लागे, आणि ती करणाऱ्यांचे श्रम ज्यांच्या कामी यावेत असे वापरणारे जवळजवळ उरले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या पीसींवर बसविण्याची सोय याच कारणाने बंद केली. आधाराला माणसे लागतात. ती संपली की आधार संपतो.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? यंत्र टाकून द्यावे आणि मोकळे व्हावे. याला मराठी माणसापुरते एक खास उत्तर आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्ये स्थान मिळाले आणि विंडोजमध्ये ती २००० साली आली. पण मराठी मजकूर संगणकावर त्याच्या पुष्कळ आधीपासून टंकित होत होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड डॉसच्या यंत्रात बसवून भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या जात. पुढे अक्षरजुळणीच्या निरनिराळ्या आज्ञावली आल्या. त्यांच्या फाइलींत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत राहत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर त्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचा निव्वळ कचरा दिसतो. काहींना यंत्राच्या पाठीमागे लावावयाची कुलूपवजा किल्लीही लागे. कार्डाची ती खाच २००० नंतर मदरबोर्डांवरून जवळजवळ लुप्त झाली. नियतकालिकांचे जुने अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, बृहन्महाराष्ट्रातील मंडळांचे कागद, अशी कितीतरी सामग्री अद्याप एखाद्या कोपऱ्यातील धुळकट यंत्रात त्या जुन्या वेशात बसून आहे. अशा यंत्रावर नवी कार्यप्रणाली बसविणे हा दुरुस्तीचा मार्ग नसून कधी कधी विनाशाचा असतो. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढावी, फॉन्टासह सर्व बाहेर घ्यावे, मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा. आणि मगच बसविण्याच्या सूचनेतील ‘डिस्क पुसू का?’ या प्रश्नाला होकार द्यावा.

दुसरे उत्तर सार्वजनिक व्यवहाराचे. सरकारी कचेरीत वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि निरुपयोगी ठरली की तिचे निर्लेखन होते. निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘नादुरुस्त’ हा शब्द लिहिणे फार सोपे असते. संगणकाच्या बाबतीत त्या एका शब्दाखाली संपलेली बॅटरी, न मिळालेला ड्रायव्हर आणि नाकारलेली परवानगी हे सारे एकत्र झाकले जाते. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि त्यांचा कटाक्ष अशा यंत्रांची विल्हेवाट योग्य रीतीने लागावी यावर आहे. ते आवश्यकच आहे. पण जे यंत्र कचरा झालेलेच नाही त्याला कचरा न ठरविणे, हे त्याहून आधीचे कर्तव्य आहे. विंडोज ११ ने परत पाठविलेल्या पुष्कळशा ६४ बिटांच्या यंत्रांवर लिनक्सची चालू वितरणे आजही सुरळीत बसतात, आणि सी-डॅकने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही त्याच कुळातली आहे. ज्या यंत्राला कोणतीच आधार असलेली प्रणाली मानवत नाही, ते आंतरजालापासून तोडून जुन्या मजकुराच्या कामापुरते ठेवावे. आधार संपलेली प्रणाली जाळ्यावर उघडी ठेवणे हा केवळ आपल्यालाच नव्हे, शेजाऱ्यालाही धोका आहे.

संगणकाच्या व्यवहारात ‘जुने’ हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. झिजलेले यंत्र जुने असते. ज्याचे माप अपुरे पडले ते जुने असते. ज्याची ओळख कोणी ठेवली नाही तेही जुने असते. आणि ज्याला कोणी दारात उभे करीनासे झाले, त्यालाही आपण जुनेच म्हणतो. यांपैकी पहिलेच काय ते निसर्गाचे देणे आहे. बाकीची माणसांच्या निर्णयांतून जन्मलेली आहेत, त्या निर्णयांना साले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे अजून फिरविता येण्याजोगे आहेत. काळ्या पडद्यावरची ती त्रोटक ओळ म्हणजे अशाच एखाद्या निर्णयाची नक्कल असते. तिच्यावरून शेरा मारण्यापूर्वी ती एकदा नीट वाचून पाहावी.